हत्तीरोगाची रात्रपाहणी ‘शून्य’ आली? आधी या चुका तपासा

नागपुरात हत्तीरोग जुना आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतही तो आहेच. त्यामुळे एखाद्या वस्तीत रात्री बोटातून घेतलेल्या रक्ताच्या ५०० काचपट्ट्यांत एकही बाधित निघाला नाही, तर आधी पाहणीची वही उघडा.

वेळ बघा. हत्तीरोगाच्या जंतांची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री बोटाच्या रक्तात येतात. खरी वेळ १० ते २. पण लोक झोपतात, दारं उघडत नाहीत, म्हणून पथक साडेसातला सुरू करून नऊला आवरतं. अशा पाहणीत बाधित निसटतात.

नमुने कोणाचे घेतले? पाय सुजलेल्यांचेच घेतले असतील तर शून्याचं नवल नाही: सूज पक्की झालेल्यांच्या रक्तात पिल्लं बहुधा सापडतच नाहीत. ती सापडतात वरून धडधाकट दिसणाऱ्यांत. रात्रपाळीचे पुरुष हमखास सुटतात. त्यांच्यासाठी सुट्टीच्या रात्री पुन्हा फेरी मारा. आणि हत्तीरोगाच्या गोळ्या घरोघर देण्याच्या मोहिमेनंतर लगेच रक्त घेऊ नका. त्यातल्या डीईसी या औषधाने पिल्लं रक्तातून नाहीशी होतात, प्रौढ जंत मात्र सगळे मरत नाहीत.

सर्वाधिक घोळ काचपट्टीवर होतो. बोटाला स्पिरिट लावलं की ते पूर्ण वाळू द्या, मगच टोचा. किमान २० घनमिलिमीटर रक्त हवं, ६० घेतलं तर उत्तम; थेंब लहान पडला की कमी पिल्लं असलेला माणूस निसटतो. पट्टी आडवी ठेवून, झाकून रात्रभर वाळवा. उघडी राहिली तर मुंग्या आणि झुरळं रक्त चाटून नेतात, सकाळी हाती नुसती काच! दुसऱ्या दिवशी आधी साध्या पाण्यात लाली उतरवायची, मग मिथेनॉल, मग रंग. मिथेनॉल आधी पडलं की लाली पक्की बसते आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही उमगत नाही.

रात्र जमतच नसेल तर प्रतिजन पट्टी, म्हणजे प्रौढ जंतांचे रक्तातले अंश रेघ उमटवून दाखवणारी तयार चाचणी, दिवसाही चालते. निकाल बरोबर १० मिनिटांनी वाचा. उशीर झाला तर नसलेली रेघ उमटते.

बाधित सापडले तरी हिशेब जपून करा. ५०० पैकी ४ म्हणजे ०.८ टक्के, गोळ्यांची मोहीम थांबवण्याचा विचार करताना पाहिल्या जाणाऱ्या १ टक्क्याच्या मर्यादेखाली. पण चौघेही ६० नमुन्यांच्या एकाच गल्लीतले असतील, तर तिथलं प्रमाण ६.७ टक्के आहे. वहीत गल्लीचा रकाना हवाच.