अणूची रचना: वहीत हमखास होणाऱ्या चुका

चेंबूरला माझ्याकडे आठवी-नववीची मुलं शिकवणीला येतात. परवा एका मुलीने सोडियमच्या आयनाची, म्हणजे प्रभार आलेल्या अणूची, आकृती काढली. केंद्रकात ११ प्रोटॉन, १२ न्यूट्रॉन, अगदी बरोबर. बाहेर मात्र १२ इलेक्ट्रॉन! "बाई, प्लस आहे ना, म्हणून एक वाढवला."

ही चूक हुशार मुलंही करतात. इलेक्ट्रॉनचा प्रभार ऋण असतो, त्यामुळे तो निघून गेला की अणूचं पारडं धनाकडे झुकतं. सोडियमचे इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवतीच्या कवचांत आतून बाहेर २, ८, १ असे मांडलेले. शेवटचा एक गेला की उरले १०, आणि प्रोटॉन ११ च. म्हणून अधिक एक. क्लोरीनचं उलट: १७ होते, एक घेतला, १८ झाले, उणे एक. काही जण तर प्रोटॉनच वाढवतात. पण १२ प्रोटॉन झाले की तो सोडियम राहत नाही, मॅग्नेशियम होतो. म्हणून मी आधी प्रोटॉनचा आकडा लिहून त्याला चौकट करायला लावते. आयन असो की समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा, पण वेगळ्या संख्येने न्यूट्रॉन असलेला अणू), चौकटीतला आकडा खोडायचा नाही.

पोटॅशियमला अडलात? एम, म्हणजे तिसऱ्या, कवचात १८ मावतात म्हणून २, ८, ९ लिहिलं जातं. पण सर्वांत बाहेरच्या कवचात ८ पेक्षा जास्त इलेक्ट्रॉन राहत नाहीत. उत्तर २, ८, ८, १.

क्लोरीनच्या ३५.५ या अणुवस्तुमानातून १७ प्रोटॉन वजा करून न्यूट्रॉन १८.५ आले, तर तिथेच थांबा. अर्धा न्यूट्रॉन नसतो. ३५.५ ही सरासरी आहे. निसर्गात क्लोरीनच्या दर चार अणूंपैकी साधारण तीन ३५ चे, एक ३७ चा. म्हणजे न्यूट्रॉन १८ किंवा २०.

आकृतीत केंद्रक मोठं काढावंच लागतं, पण ते प्रमाण खरं मानू नका. अणू वानखेडेच्या मैदानाएवढा धरला, तर केंद्रक खेळपट्टीवरचा मोहरीचा दाणा! म्हणूनच शास्त्रज्ञ रदरफोर्डच्या प्रयोगात बहुतेक अल्फा कण (धन प्रभाराचे बारीक कण) सोन्याच्या पत्र्यातून सरळ पार गेले.

आणि न्यूट्रॉनला प्रभार नाही म्हणून त्याला बिनकामाचा समजू नका. प्रभार नाही म्हणूनच केंद्रक त्याला दूर लोटत नाही, तो थेट आत शिरतो आणि युरेनियम-२३५ चं केंद्रक फोडतो. १९५६ साली आमच्या शेजारी ट्रॉम्बेला 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली, ती याच न्यूट्रॉनच्या जोरावर.