बोका लिटर बॉक्समध्ये नुसता कुथतोय? आजच डॉक्टर गाठा

बोका सारखा लिटर बॉक्समध्ये, म्हणजे शी-शूच्या वाळूच्या पेटीत जातोय, बसतोय, कुथतोय, आणि शू थेंबभर नाहीतर अजिबातच नाही, तर प्लीज पोट साफ होत नसेल म्हणून एरंडेल किंवा दूध-तूप देत बसू नका. बद्धकोष्ठ आणि लघवी अडकणं लांबून अगदी सेम दिसतं. आधी वाळू चाळून बघा, एरवी दिवसाला शूचे दोन ते चार गोळे निघतात, आज एकही नसेल तर इमर्जन्सीच समजायची, रात्र असली तरी.

बोक्याची मूत्रनळी फार अरुंद असते, त्यात बारीक खडा, क्रिस्टल किंवा चिकट म्युकस अडकला की लघवी तुंबते, किडनीवर ताण येतो, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं, आणि हे सगळं एक-दोन दिवसांत होतं हो! उलट्या, खाणं बंद, मलूल पडून राहणं ही उशीर झाल्याची लक्षणं. पोट दाबून शू काढायला जाऊ नका, मूत्राशय फुटू शकतं. पॅरासिटामॉल तर मांजरासाठी विषच आहे. आपण लघवीच्या जळजळीला घेतो ते सिरपही नको, कारण त्याने लघवी अल्कलाइन होते आणि स्ट्रुव्हाइट नावाचे खडे तशाच लघवीत बनतात. नाशकात सिडको, नाशिकरोडहून गंगापूर रोडच्या दवाखान्यात रिक्षाने न्यायचंय आणि कॅरियर नाही? द्राक्षाची दोन प्लास्टिक क्रेट एकमेकांवर उलटी घट्ट बांधा, हवाही लागते.

डॉक्टर भूल देऊन कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालतात, सलाईन लावतात, बहुतेक वेळा दोन-तीन दिवस ठेवून घ्यावं लागतं. घरी आल्यावर पहिले काही दिवस परत अडकायची शक्यता असते, त्यामुळे रोज गोळे मोजा. सारखंच होत असेल तर मूत्रमार्ग रुंद करायचं ऑपरेशनही असतं.

मादीत नळी अडकणं क्वचित, पण लघवीत रक्त, थोडी थोडी शू, तीच जागा चाटत राहणं, मधेच गादीवर किंवा बाथरूमच्या मोरीत शू करणं हे तिलाही होतं. ती मुद्दाम नाही करत, दुखतंय तिला, ओरडू नका. तरुण मांजरांत बहुतेकदा इन्फेक्शन नसतंच, स्ट्रेसमुळे मूत्राशयाला सूज आलेली असते, म्हणून मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून देण्यात अर्थ नाही, लघवीची टेस्ट आणि सोनोग्राफी करून घ्या. दहा वर्षांच्या पुढच्या, डायबेटिस किंवा किडनीवाल्या मांजरांत मात्र इन्फेक्शन जास्त दिसतं.

पुढे सगळा खेळ पाण्याचा. कोरड्या खाण्यात पाणी जेमतेम दहा टक्के, पाऊचमधल्या ओल्या खाण्यात पाऊणहून जास्त. पाऊच रोज परवडत नसेल तर मीठ-मसाला, कांदा-लसूण काही न घालता चिकन उकडा आणि ते पाणी जेवणात मिसळा, पण नुसत्या चिकनवर ठेवू नका. नाशकातल्या थंडीत पाणी कमी प्यायलं जातं, तेव्हा दोन-तीन खोल्यांत पसरट वाट्या ठेवा, लिटर बॉक्सपासून लांब. बॉक्स मांजरांपेक्षा एक जास्त हवा आणि रोज साफ हवा. स्पेशल डाएटने स्ट्रुव्हाइट विरघळतो, ऑक्झलेटचा खडा विरघळत नाही, म्हणून कुठला खडा आहे ते कळल्याशिवाय ते महागडं पाकीट घेऊ नका. दिवाळीचे फटाके, पाहुणे, घराचं रंगकाम असेल तेव्हा एक शांत खोली मांजरासाठी राखून ठेवा, आणि रात्री किंवा रविवारी कुठला दवाखाना उघडा असतो हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून नंबर सेव्ह करून ठेवा.