रोज जवळ बाळगण्यासाठी परवडणारे पिस्तूल कसे निवडावे

अमेरिकेत स्वसंरक्षणासाठी पहिले पिस्तूल घेण्याचा विचार करणारे मराठी लोक मला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात: सर्वांत स्वस्त आणि चांगले कोणते? हा प्रश्न रास्त आहे, परंतु अर्धवट आहे. कपड्यांखाली लपवून रोज बाळगायच्या पिस्तुलाची खरी किंमत दुकानातल्या चिठ्ठीवर लिहिलेली नसते. म्यान, पट्टा, काडतुसे, प्रशिक्षण आणि घरातली तिजोरी मिळून ती ठरते. ज्याच्यासोबत सराव करणे खिशाला आणि हाताला सोसवते, तेच पिस्तूल परवडणारे, असे माझे ठाम मत आहे आणि पुढील सर्व विवेचन त्याच मतावर उभे आहे.

मात्र पैशांचा हिशेब मांडण्याआधी पात्रता तपासणे आवश्यक आहे, कारण आपल्या लोकांकडून सर्वांत गंभीर चूक येथेच होऊ शकते. एच-१बी, एच-४, एल-१ किंवा एफ-१ यांसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या व्यक्तीला संघीय कायद्यानुसार शस्त्र किंवा काडतुसे विकत घेण्यास आणि ताब्यात ठेवण्यासही मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणे यासारखे मोजके अपवाद कायद्यात आहेत, पण त्यांच्या आधारे पाऊल उचलण्यापूर्वी जाणत्या वकिलाचा सल्ला घेणे शहाणपणाचे ठरेल. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना ही आडकाठी नाही. पती किंवा पत्नी यांपैकी एक नागरिक आणि दुसरा व्हिसावर असेल, तर शस्त्र घरात कोठे राहील आणि किल्ली कोणाकडे असेल, हा प्रश्नही खरेदीपूर्वीच वकिलापुढे ठेवावा. ‘ताबा’ या शब्दाचा कायदेशीर अर्थ आपण समजतो त्यापेक्षा बराच व्यापक आहे.

परवानाधारक विक्रेत्याकडून हँडगन घेण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. खरेदीच्या वेळी ४४७३ क्रमांकाचा संघीय अर्ज भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. त्या अर्जातील प्रत्येक प्रश्नाचे उत्तर खरेच द्यावे, कारण खोटे उत्तर हा स्वतंत्र गुन्हा आहे. गांजा ज्या राज्यात कायदेशीर आहे तेथेही त्याच्या सेवनाविषयीचा प्रश्न संघीय कायद्याच्या दृष्टीनेच विचारला जातो, हे विशेष लक्षात ठेवावे. ज्याला स्वतःला खरेदी करता येत नाही त्याच्यासाठी आपल्या नावावर शस्त्र घेऊन देणे हाही गंभीर गुन्हा आहे, मग मागणारा कितीही जवळचा असो.

बाळगण्याच्या परवान्याचे नियम राज्यागणिक बदलतात. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्रुएन’ खटल्यात निकाल दिल्यानंतर न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया यांसारख्या राज्यांना परवान्यासाठी ‘विशेष कारण’ दाखवण्याची अट सोडून द्यावी लागली. आज निम्म्याहून अधिक राज्यांत पात्र व्यक्तीला परवान्याशिवायही लपवून शस्त्र बाळगता येते, तर न्यूयॉर्कमध्ये १६ तासांचा वर्ग आणि त्यावर २ तासांचा प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव सक्तीचा आहे. एका राज्याचा परवाना शेजारच्या राज्यात चालेलच असे नाही, त्यामुळे गाडीने सीमा ओलांडण्याआधी त्या राज्याचे नियम वाचावेत.

राज्याचे नियम निवडीवरही परिणाम करतात. कॅलिफोर्नियात विक्रेत्याला केवळ राज्याच्या मान्यताप्राप्त यादीतील नवी हँडगन सामान्य ग्राहकाला विकता येते, खरेदीनंतर १० दिवस थांबावे लागते आणि १ जुलै २०२४ पासून शस्त्रे व काडतुसे यांवर ११ टक्के अतिरिक्त कर लागू झाला आहे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी येथे मॅगझीनची, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीची, मर्यादा १० काडतुसांची आहे, कोलोरॅडोत ती १५ आहे. म्हणून मित्राने दुसऱ्या राज्यातून सुचवलेले मॉडेल मनात धरून बसण्यापूर्वी ते आपल्या राज्यात मिळते का, हे पाहावे.

आता पैशांकडे वळू. समजा, सर्व मिळून ७०० डॉलर बाजूला काढता येतात. त्यातले ३०० ते ३५० डॉलर पिस्तुलावर, ५० ते ६० चांगल्या म्यानावर, ४० च्या आसपास जाड पट्ट्यावर, तितकेच लहान तिजोरीवर आणि उरलेले सगळे काडतुसे व प्रशिक्षणाच्या वर्गावर खर्च करावेत, अशी माझी शिफारस आहे. ६५० डॉलरचे पिस्तूल आणि ५० डॉलरमध्ये बाकी सगळे, ही वाटणी मला चुकीची वाटते. शिकवलेल्या हातातले साधे पिस्तूल न शिकवलेल्या हातातल्या महागड्या पिस्तुलापेक्षा त्याच्या मालकाला आणि आसपासच्या लोकांनाही अधिक सुरक्षित असते.

पहिल्या खरेदीत मी स्वतः जी चूक केली ती आकाराची होती. लपवायचे आहे म्हणजे जितके लहान तितके बरे, या समजुतीने मी खिशात मावणारे, .३८० एसीपी या लहान मापाच्या काडतुसाचे अगदी चिमुकले पिस्तूल घेतले. ते लपत उत्तम होते. पण प्रत्येक फैरीला त्याचा धक्का तळहाताच्या बेचक्यात बसे, करंगळीला मुठीवर जागा मिळत नसे आणि २५ फैरींनंतर सराव थांबवावासा वाटे. कारण सरळ आहे. पिस्तूल जितके हलके तितका तोच धक्का हाताला जास्त जाणवतो, आणि नळी जितकी आखूड तितके पुढच्या व मागच्या साइटमधील (नेम धरण्याच्या खुणांमधील) अंतर कमी होऊन नेमातली बारीकशी चूकही लक्ष्यावर मोठी दिसते. अशी पिस्तुले अनुभवी नेमबाजाची दुय्यम शस्त्रे म्हणून योग्य आहेत. नवशिक्याचे पहिले आणि एकमेव शस्त्र म्हणून मी ती कोणालाही सुचवत नाही.

त्याउलट ग्लॉक १९ सारखे मध्यम आकाराचे, १५ काडतुसांचे आणि रिकामे असताना सुमारे ६०० ग्रॅम वजनाचे पिस्तूल चालवायला फार सोपे असते, पण सडपातळ व्यक्तीला उन्हाळ्याच्या पातळ कपड्यांत ते लपवणे जड जाते. या दोन टोकांच्या मधला वर्ग गेल्या दशकात खूप सुधारला आहे. २०१२ मध्ये आलेल्या स्मिथ अँड वेसन शील्डने एकपदरी (काडतुसे एकाच रांगेत बसणाऱ्या) मॅगझीनचे पातळ ९ मिमी पिस्तूल लोकप्रिय केले, आणि २०१८ मधल्या सिग साउअर पी-३६५ ने साधारण एक इंच जाडीत १० काडतुसे बसवून दाखवली. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक कंपनीने त्या मापाचे पिस्तूल काढले, आणि या स्पर्धेमुळे आधीची मॉडेल्स स्वस्त झाली, हा मर्यादित पैसे असणाऱ्याचा खरा लाभ आहे.

काडतुसाच्या मापाबद्दल फार घोळ घालू नये. १९८६ मध्ये मायामीत एफबीआयच्या दोन अधिकाऱ्यांचा चकमकीत मृत्यू झाला, त्यानंतर त्या संस्थेने काडतुसांची कसून चाचणी सुरू केली आणि चाचणीसाठी वापरल्या जाणाऱ्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी १२ ते १८ इंच शिरावी हा निकष पुढे आला. मोठ्या मापांकडे गेलेली तीच संस्था कालांतराने ९ मिमीकडे परतली, कारण आधुनिक बनावटीच्या गोळ्यांनी तो निकष ९ मिमीमध्येही गाठता येतो आणि बहुतेक लोक त्या मापाने अधिक जलद व अचूक नेम साधतात. खर्चाच्या दृष्टीनेही ९ मिमीच सोयीचे आहे, कारण सरावाची काडतुसे याच मापात सर्वांत स्वस्त मिळतात; .३८० एसीपी आणि .३८ स्पेशल ही लहान किंवा जुनी मापे असूनही त्यांची पेटी सहसा महाग पडते. वर्षभराच्या सरावात हा फरक पिस्तुलावर वाचवलेल्या पैशांना सहज गिळून टाकतो.

पाच काडतुसांचे छोटे रिव्हॉल्व्हर वापरायला सोपे म्हणून अनेकदा नवख्यांना, विशेषतः स्त्रियांना, सुचवले जाते. मला हा सल्ला पटत नाही. त्याची रचना समजायला सोपी आहे हे खरे, पण स्मिथ अँड वेसन ६४२ सारख्या हलक्या रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला पाच किलोच्या आसपास जोर लागतो, धक्का तीव्र असतो आणि साइट अगदी नाममात्र असते. ज्यांना संधिवातामुळे किंवा मनगटातील अशक्तपणामुळे पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढता येत नाही, त्यांनी प्रथम शील्ड ईझी सारखी मुद्दाम हलक्या स्प्रिंगची पिस्तुले हाताळून पाहावीत. अनेकदा अडचण ताकदीची नसून पद्धतीची असते. स्लाइड ओढण्याऐवजी ती घट्ट धरून मूठ पुढे ढकलली की ती सहज सरकते.

कमी पैशांत विचार करण्यासारखी नावे सांगायची तर, टॉरस जी-३सी १२ काडतुसांच्या मॅगझीनसह साधारणपणे ३०० डॉलरच्या आत-बाहेर मिळते, रूगर ईसी-९एस त्याहून पातळ असून किमतीला त्याच पंगतीत बसते, आणि शील्डची जुनी आवृत्ती सवलतीत किंवा वापरलेली मिळाली तर ती घेण्यात काहीच कमीपणा नाही. थोडे अधिक पैसे जमले तर शील्ड प्लस, पी-३६५ किंवा ग्लॉक ४३एक्स यांपैकी जे हातात नीट बसेल ते घ्यावे. कोणतेही घेतले तरी कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलबाबत परत मागवण्याची किंवा दुरुस्तीची सूचना आहे का, हे अनुक्रमांकासह तपासावे.

दुकानात पिस्तूल हातात घेताना आधी विक्रेत्याला ते रिकामे असल्याचे दाखवायला सांगावे आणि मग स्वतःही चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसते ती जागा, पाहावे. नळीचे तोंड कोणत्याही माणसाकडे जाऊ देऊ नये आणि बोट चापाबाहेर ठेवावे. मूठ घट्ट धरल्यावर तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज टेकते का, त्याच पकडीत अंगठ्याने मॅगझीनची कळ दाबता येते का आणि डोळे मिटून पिस्तूल समोर धरल्यावर डोळे उघडताच साइट जवळपास सरळ दिसते का, या तीन गोष्टी पाहाव्यात. विक्रेत्याची परवानगी घेऊन सुरक्षित दिशेने रिकामा चापही ओढून पाहावा. तरीही हे सारे अपुरे आहे. अनेक शूटिंग रेंजवर पिस्तुले भाड्याने मिळतात. दोन-तीन मॉडेल्सच्या प्रत्येकी ५० फैरी झाडून पाहण्याचा खर्च चुकीच्या खरेदीच्या तोट्यापेक्षा पुष्कळ कमी असतो.

वापरलेले पिस्तूल घ्यायला हरकत नाही. पोलीस दलांनी बदलून दिलेली पिस्तुले बाहेरून घासलेली दिसतात, पण बाळगली पुष्कळ आणि झाडली थोडी गेलेली असल्यामुळे आतून बरेचदा ठणठणीत निघतात. नळीत गंज किंवा फुगवटा आहे का, स्लाइड विनाअडथळा सरकते का आणि मॅगझीनचे ओठ वाकलेले नाहीत ना, हे पाहावे आणि ताबडतोब नव्या स्प्रिंगसाठी थोडे पैसे राखून ठेवावेत. जालावरून मागवले तरी शस्त्र आपल्या राज्यातील परवानाधारक विक्रेत्याकडेच येते आणि तेथेच तपासणी होते; त्याचे हस्तांतरण शुल्क आधी विचारून घ्यावे, नाहीतर स्वस्त वाटलेली खरेदी शेवटी दुकानाइतकीच पडते.

म्यान या वस्तूवर काटकसर करू नये. चाप पूर्णपणे झाकणारे आणि पिस्तूल बाहेर काढल्यावरही तोंड न मिटणारे कडक म्यान, बहुधा कायडेक्स या कडक प्लास्टिकचे, हेच स्वीकारावे. कोणत्याही पिस्तुलाला बसणारी मऊ कापडी म्याने स्वस्त असतात, पण त्यांत कापडाची घडी किंवा दोरी चापात अडकण्याचा धोका असतो. पिस्तूल परत म्यानात ठेवताना कधीही घाई करू नये. बहुतेक वेळा तेथे घाईचे कारणच नसते. पर्समध्ये ठेवायचे असेल तर त्यासाठी स्वतंत्र कप्पा आणि म्यान हवेच, आणि ती पर्स क्षणभरही नजरेआड ठेवता येत नाही, हे ध्यानात घेऊनच तो मार्ग निवडावा.

घरी आल्यावर शस्त्र अंगावर नसेल तर ते कुलपात असले पाहिजे. कपाटाच्या वरच्या फळीला मुलांपासून सुरक्षित जागा समजू नये. मुले आपल्या कल्पनेपेक्षा फार लवकर स्टूल ओढायला शिकतात. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. घरात कोणी नैराश्यातून जात असेल तर खरेदी पुढे ढकलावी, आणि शस्त्र आधीच असेल तर आपल्या राज्याच्या कायद्याप्रमाणे ते काही काळ घराबाहेर सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था करावी. ९८८ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मदत मिळते.

नवे पिस्तूल लगेच कमरेला लावू नये. आधी ते साफ करून, तेल देऊन सरावाच्या किमान २०० आणि रोज बाळगायच्या पोकळ टोकाच्या ५० काडतुसांवर तपासावे. दोन्ही मॅगझीन वापरावेत आणि काडतूस अडकले तर कोणत्या मॅगझीनमध्ये अडकले हे लिहून ठेवावे, कारण दोष पुष्कळदा पिस्तुलाचा नसून मॅगझीनचा असतो. त्यानंतर आठवड्यातून दोनदा दहा मिनिटे घरी ड्राय फायरचा, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढण्याचा, सराव करावा, तोही काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, चेंबर दोनदा तपासून आणि गोळी रोखू शकेल अशा भिंतीच्या दिशेने. त्याला पैसे लागत नाहीत आणि पिस्तूल न हलवता चाप ओढण्याची सवय त्यातूनच लागते. रोज रात्री पिस्तूल रिकामे करून सकाळी तेच काडतूस पुन्हा चेंबरमध्ये भरण्याची सवय मात्र टाळावी, कारण वारंवार आदळल्याने गोळी खोळीत मागे सरकू शकते आणि झाडताना दाब धोकादायक वाढतो. पिस्तूल म्यानासकट भरलेलेच तिजोरीत ठेवावे, काडतूस नव्या काडतुसाशेजारी धरून त्याची लांबी अधूनमधून पाहावी आणि ते आखूड वाटताच वापरातून काढून टाकावे.