व्हाइटवॉटर कनूच्या रेसला उतरताय? आधी या चुका टाळा

दिवाळी झाली की ठाणे, ऐरोली, खारघरकडची पाचसहा पोरंपोरी भेटायला येतात, ताई आम्हाला व्हाइटवॉटरला उतरायचंय, कनूची रेस मारायचीये, महिन्याभरात होईल ना? व्हाइटवॉटर म्हणजे डोंगरातल्या नदीचं फेसाळत धावणारं पाणी, आणि कनू म्हणजे गुडघ्यांवर बसून एका पात्याच्या वल्ह्याने चालवायची बोट. मी आधी एकच विचारते, वाहत्या पाण्यात कधी पोहलायत का, तर उत्तर येतं की टँकमध्ये चाळीस लॅप मारतो. लॅप चांगलेच आहेत, पण टँक तुम्हाला ओढून नेत नाही. दरवर्षी त्याच चुका बघून आता लिहूनच काढतेय, आणि दोन चुकांवर जास्त बोलणार आहे, कारण एकीत जीव जातो आणि दुसरीत रेस जाते.

पहिली चूक, बोट उलटल्यावर पाण्यात उभं राहायला बघणं. लहानपणापासून आपण ओढ्यात, समुद्रावर तेच करत आलोय, पाय टेकले की जिवात जीव येतो. पण डोंगरातल्या नदीचा तळ म्हणजे नुसते गोटे आणि कपारी, पाऊल दोन दगडांच्या फटीत गेलं की मागून येणारं पाणी पाठीवर बसतं, माणूस पुढे वाकतो आणि पाय काही निघत नाही. त्यासाठी पाणी खोल असायची गरज नाही, गुडघ्याच्या थोडं वर आणि जोरात ओढणारं असलं तरी पुरतं.

कोलाडला कुंडलिका नदीवर हे माझ्या डोळ्यांसमोर झालंय. ऐरोलीचा पोरगा, दणकट, दर शनिवार-रविवार गडावर जाणारा. सोप्या रॅपिडच्या, म्हणजे खळाळत्या उताराच्या, शेपटीला उलटला, बोटीतून व्यवस्थित बाहेर आला, आणि बेटाच्या आतल्या अंगाला जी चिंचोळी धार आहे तिथे मांडीएवढं पाणी दिसल्यावर उभा राहिला. मी काठावरून ओरडतेय पाय वर घे, पाय वर घे, पण त्या आवाजात त्याला काय ऐकू येणार, त्याने मला अंगठा दाखवला. दुसऱ्या क्षणाला कमरेत वाकला आणि पाणी त्याच्या हनुवटीला लागलं. आमच्याकडे दोन थ्रो बॅग, म्हणजे फेकायच्या दोरीच्या पिशव्या, होत्या आणि धार अरुंद होती म्हणून निभावलं. एक दोरी पलीकडे बेटावर फेकली, तिथल्या सोबत्याने पकडली, मग खालच्या बाजूने दोरी वर आणत त्याच्या छातीशी नेली आणि दोन्हीकडून ताणून धरली. त्याने तिच्यावर दोन्ही हात टाकले तेव्हा त्याचं तोंड पाण्याच्या वर राहिलं. मग आम्ही दोघांनी त्याला उलट्या दिशेला, म्हणजे वरच्या पाण्याकडे ओढलं, कारण पाय जसा आत गेला तसाच बाहेर येतो. चारपाच मिनिटं लागली असतील. बूट आतच राहिला. पोरगा काठावर बसून रडला आणि मीही त्याच्याशेजारी बसून राहिले, त्या दिवशी परत कोणाला पाण्यात सोडायचा धीर मला झाला नाही.

तेव्हापासून माझ्याकडे पहिले दोन रविवार कोणाला बोट मिळत नाही. फक्त लाईफ जॅकेट, हेल्मेट, बूट, आणि प्रवाहात वाहत जायचं, पाठीवर, पाय पुढे, पायांची बोटं पाण्याच्या वर दिसली पाहिजेत, हाताने दिशा द्यायची आणि पाणी संथ होऊन ढोपर टेकेल तेव्हाच उठायचं. पुढे पाण्यात वाकलेलं झाड दिसलं तर मात्र हे सगळं सोडायचं, पालथं व्हायचं, जोरात पोहून बाजूला व्हायचं, आणि चुकवताच येत नसेल तर त्याच्या खाली न जाता छाती फांदीवर टाकून वर चढायचं. पोरं कंटाळतात, आम्ही कनू शिकायला आलोय म्हणतात, एकदोन जण तिसऱ्या रविवारी येतही नाहीत. न येऊ देत. ज्याला दोन रविवार वाहत जायला जड जातं त्याला नदीवर न्यायची माझी तयारी नाही.

दुसरी चूक, सगळी प्रॅक्टिस सपाट पाण्यावर करणं आणि तीही स्टॉपवॉच लावून. आपल्याकडे तलाव आहेत, खाडी आहे, भरती बघून गेलं तर खाडीत मैलोन्मैल वल्हवता येतं आणि दमसास खरंच वाढतो, मी स्वतः कळव्याच्या बाजूला ते करते. पण स्लॅलममध्ये, म्हणजे पाण्यावर टांगलेल्या काठ्यांच्या गेटमधून वळत जायच्या रेसमध्ये, सरळ रेषेत जायला मिळतं किती? अठरा ते पंचवीस गेट असतात, हिरवे खाली जाताना घ्यायचे, लाल उलट प्रवाहात वर येताना. पोलला, म्हणजे गेटच्या काठीला, टच झाला की 2 सेकंद दंड, गेट सुटलं की 50 सेकंद. पन्नास! तुम्ही खाडीत महिनाभर घाम गाळून जे चार सेकंद कमावले ते एका लाल गेटवर धुऊन जातात.

आणि लाल गेट कशावर जमतं तर एडीवर. मोठ्या खडकाच्या मागे पाणी उलटं फिरतं ती जागा म्हणजे एडी, तिथे घुसायचं, वळायचं, परत प्रवाहात निघायचं. नवीन माणूस निघतानाच उलटतो कारण वरून येणाऱ्या पाण्याला घाबरून तो त्याच्याच बाजूला झुकतो, मग पाणी बोटीच्या कडेवर चढतं आणि खेळ खलास. झुकायचं वळणाच्या आत, येऊरच्या घाटात बाईक वळवताना झुकता तसंच, म्हणजे एडीतून निघताना खालच्या अंगाला, आणि वल्हं पण त्याच बाजूला पाण्यात रोवलेलं पाहिजे. वाचून हे येत नाही. मी एक एडी निवडते आणि सकाळी तीन तास तीच, आत, बाहेर, आत, बाहेर, डावीकडून, उजवीकडून, आणि फेब्रुवारीपर्यंत घड्याळ बॅगेतून बाहेर काढू देत नाही. कनूत वल्हं एका पात्याचं असतं त्यामुळे तुमची एक बाजू कायम कच्ची राहते, त्या कच्च्या बाजूच्या एडीवर दुप्पट वेळ द्या. कयाकवाल्या मित्राचं बघून शिकू नका, त्याच्याकडे दोन पाती आहेत आणि तो बसलेला आहे, तुम्ही गुडघ्यांवर आहात.

गुडघ्यांवरून आठवलं, घरी रोज टीव्ही बघताना वज्रासनात बसा, पाच मिनिटांपासून सुरू करून अर्ध्या तासावर न्या. पहिल्याच दिवशी तासभर बोटीत गुडघे टेकून बसलेल्यांना काठावर उतरल्यावर उभं राहता येत नाही.

कोर्स, म्हणजे गेटची मांडणी, न बघता स्टार्टला जाणं हीपण चूकच. मोठ्या स्लॅलम स्पर्धेत कोर्स लावल्यावर तुम्हाला त्यावर प्रॅक्टिस मिळत नाही, दुसरं कोणी त्यावरून जाऊन दाखवतं तो डेमो रन काठावरून बघायचा आणि सगळं डोक्यात बसवायचं. काठाने शेवटापासून वर चालत या, खालून वर बघितलं की खडकामागच्या एड्या आणि होल, म्हणजे पाणी कोसळून जागच्या जागी घुसळतं त्या जागा, नीट दिसतात. मग डोळे मिटून, हात हलवत, गेट एकपासून शेवटपर्यंत मनात घ्या. लोक बघतात म्हणून लाजू नका, ऑलिम्पिकवालेही काठावर उभे राहून हेच करतात.

पाण्याची वेळ. कुंडलिकेचं पाणी मुळशीहून घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं आणि तिथून नदीत सुटतं, म्हणून भर उन्हाळ्यातही ती वाहते. पण ते सकाळी काही तासच. आठ वाजता ठाण्यातून निघून वडखळला मिसळ खाऊन दुपारी पोचलात तर गोटे मोजायला मिळतील. पहाटे चारला निघा. आणि ऋषिकेशला किंवा पावसाळ्यात कोझिकोडजवळ चालीपुझा नदीवर जाणार असाल तर कुंडलिकेचा अंदाज तिकडे लावू नका, गंगेचं पाणी फेब्रुवारीत हाडं गोठवतं, तिथे वेटसूट, म्हणजे अंग गरम ठेवणारा रबरी सूट, लागतोच.

बाकीचं थोडक्यात. लाईफ जॅकेट घातल्यावर दुसऱ्याला खांदे धरून वर ओढायला सांगा, कानापर्यंत आलं तर पट्टे आवळा. चप्पल, क्रॉक्स, जीन्स नको. बोटीची दोरी कधीही अंगाला किंवा मनगटाला गुंडाळू नका. स्प्रे स्कर्टची, म्हणजे कमरेभोवती बसून बोटीचं तोंड बंद करणाऱ्या आवरणाची, पुढची दोरी बाहेर आहे का हे प्रत्येक वेळी हात लावून बघा, आत दबली तर उलटं लटकून ती सापडत नाही. उघड्या कनूत एअरबॅग, म्हणजे हवेच्या पिशव्या, फुगवल्याशिवाय निघू नका, नाहीतर कनू पाण्याने भरली की तीनचारशे लिटर पाणी घेते, म्हणजे तीनचारशे किलो, आणि असली बोट खडकाला चिकटली तर चार माणसांना हलत नाही. तुम्ही तिच्या आणि खडकाच्या मधे असू नये, म्हणून उलटल्यावर कायम बोटीच्या वरच्या पाण्याच्या बाजूला राहा.

यंदाचे पहिले दोन रविवार डिसेंबरात आहेत. बूट लेसचे आणा, घट्ट बसणारे.