शुगर आहे? मग पिण्यातल्या या चुका टाळा

मी ठाण्यात नौपाडा-पाचपाखाडी पट्ट्यात सकाळी घरोघरी ब्लड कलेक्शनला जाते. दार उघडलं की माझा प्रश्न ठरलेला, काही खाल्लंय का, आणि उत्तरही ठरलेलं, "नाही गं, चहा तेवढा झाला." अहो मग फास्टिंग कसलं ते! आठ-दहा तास पाण्याशिवाय काही नाही म्हणजे काही नाही, बिनसाखरेचा चहासुद्धा नाही, कारण दूध आलं की लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर आली, आणि कोरी कॉफी घेतली तरी कॅफिनने काही जणांची शुगर वर जाते. पोळ्या किती, भात किती हे लोकांना तोंडपाठ असतं, पण जे प्यायलं ते कुणी हिशोबात धरतच नाही.

यात माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारा प्रकार म्हणजे मॉर्निंग वॉकनंतरचा ज्यूस. तलावपाळी घ्या, कचराळी घ्या, उपवन घ्या, वॉक झाला की ज्यूस हा जणू नियमच झालाय. माझ्याकडे एक काका होते, त्यांची फास्टिंग दर वेळी १७०-१८० आणि जेवणानंतरची पण जवळपास तेवढीच, मला तेव्हाच खटकायचं, पण काका शपथेवर सांगायचे काही घेतलेलं नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून गोळी वाढवली, ते तरी दुसरं काय करणार. त्यानंतर काकांना दुपारी जेवणाच्या आधी दरदरून घाम, हाताला कंप, चिडचिड, म्हणजे शुगर फार खाली गेल्याची लक्षणं. एके दिवशी गेले तर काकांना गुलाबी मिशी! बीट. कचराळीला फेऱ्या मारायच्या, मग गाजर-बीट-सफरचंदाचा मोठा ग्लास, वर चमचाभर मध, आणि तसंच घरी येऊन माझ्यापुढे हात करायचा. विचारलं तर म्हणे, "अगं ते औषध म्हणून घेतो, ते खाण्यात कुठे धरतेस." त्या एका ग्लासात २०-२५ ग्रॅम साखर सहज जाते आणि चोथा, जो साखर हळू चढू देतो, तो राहतो गाळणीत. त्यांना म्हटलं आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना फोन करा आणि खरं काय ते सांगा. ज्यूस बंद झाला, खरी फास्टिंग हातात आली आणि डॉक्टरांनी गोळी परत कमी केली.

तेव्हा फळ खायचं, प्यायचं नाही. एक मोसंबं चावून खाल्लं तर पुरतं, ज्यूसला तीन-चार लागतात. कारल्याचा रस गोळ्यांच्या जोडीला स्वतःच्या मनाने सुरू करू नका, दोन्ही मिळून शुगर जास्तच खाली जाऊ शकते. आणि दुधीचा रस कडू लागला तर थुंकून टाका, तो विषारी असू शकतो, "कडू तेवढं गुणकारी" वगैरे तिथे चालत नाही.

त्याच घरातली दुसरी गंमत. काकांना घाम फुटला की काकू लगेच चहा द्यायच्या, शुगर-फ्रीची गोळी घालून! काळजीपोटीच द्यायच्या, पण शुगर खाली गेलीय तेव्हा शुगर-फ्री म्हणजे कोरडा हौद बादलीने उपसणं. ७० च्या खाली आकडा आला तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साधी साखर, म्हणजे साधारण तीन चमचे, पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी परत तपासा, अजून खालीच असेल तर परत द्या. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर चढायला वेळ लागतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ हॉस्पिटल. मी सगळ्यांना ग्लुकोजची पुडी फ्रीजवर दिसेल अशी ठेवायला सांगते, कपाटात ठेवली की ऐन वेळी सापडत नाही.

गुळाचा चहा हे तर नवीनच खूळ. गूळ म्हणजे ८० टक्क्यांच्या वर साखरच, लोह थोडं असतं मान्य, पण रक्तातल्या शुगरला तुमचा हेतू कळत नाही. आणि बिनसाखरेचा चहा पितो म्हणून दिवसाला सहा कप, प्रत्येकासोबत खारी किंवा बिस्किट, हे कसं चालेल? घरात चहाला एक छोटा कप ठरवून टाका, मग बाहेर गेल्यावर पण हात आपोआप आखडतो.

बाकीचं पटापट सांगते. उसाचा रस बर्फ न घालता घेतला तरी उसाचाच. कोल्ड्रिंकच्या ३०० मिलीत ३० ग्रॅमच्या आसपास साखर. शहाळं त्यामानाने बरं, पण सोबत जेवणाचं ताट नको, आणि किडनीचा त्रास असेल तर पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारूनच. ताक बिनसाखरेचं असेल तर खुशाल, पियूष मात्र ताकाचा भाऊ समजू नका. पन्ह्यात आणि कोकम सरबतात गोड किती आहे विचारा, सोलकढी चालते. "नो ॲडेड शुगर" वाचून उड्या मारू नका, पाकीट उलटं करा, माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं तर ते साखरेइतकंच झरझर चढतं. दुधात घालायच्या पावडरींना "हेल्थ ड्रिंक" म्हणून विकू नका असं २०२४ मध्ये सरकारने ऑनलाइन दुकानांना सांगितलंय, तरी आजोबांना रात्री दोन चमचे चालूच. दारू उपाशीपोटी, त्यात इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी चालू असेल तर मध्यरात्री शुगर धाडकन पडते, घरच्यांना वाटतं चढलीय.

आणि नवीन शुगरवाल्यांची घाई! पंधरा दिवस साखर सोडली की लगेच "एचबीए१सी करून टाक ना गं". तो आकडा दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा असतो, पंधरा दिवसांत काय कप्पाळ दिसणार. त्यात व्हॉट्सॲपवरचं मेथीचं पाणी चालू आणि गोळ्या बंद, हे तर करूच नका. त्यापेक्षा सांगू का, जेवणाच्या पहिल्या घासापासून दोन तासांनी घरी मशीनवर बघा, त्या दिवशी काय काय प्यायलात ते भिंतीवरच्या कॅलेंडरवरच खरडून ठेवा आणि डॉक्टरांकडे जाताना त्या पानाचा फोटो न्या. मशीनवर मध्येच भलताच मोठा आकडा आला तर घाबरून गोळी वाढवू नका, मोसंबं सोललेल्या बोटावर साखर असते आणि मशीन तीही मोजतं. साबणाने हात धुवा, नीट कोरडे करा आणि परत टोचा.