दोन बिल्डिंगच्या मधे नेट न्यायचंय? तांब्याची वायर नको, फायबरच टाका

घरापासून लांब गोठा, गोडाऊन किंवा आऊटहाऊस असेल आणि तिथे फास्ट नेटवर्क हवं असेल तर नेहमीची लॅन केबल ओढू नका. एकतर ती १०० मीटरपर्यंतच धड चालते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन बिल्डिंगचं अर्थिंग वेगळं असतं, जवळपास वीज पडली की तांब्यातून झटका येऊन दोन्हीकडचे स्विच (नेट वाटणारे डबे) जळू शकतात. फायबर काचेचं, त्यातून करंट जातच नाही, फक्त आत लोखंडी आर्मर (संरक्षक कवच) किंवा तार नसलेली केबल घ्या.

फायबरमध्ये सिंगल मोडच (लांब पल्ल्याचा प्रकार) घ्या, साध्या १० गिगाबिटच्या मॉड्यूलवरही (केबलच्या टोकाला स्विचमध्ये बसणारा, सिग्नलचा प्रकाश करणारा छोटा भाग) १० किलोमीटर जाते, पुढे स्पीड वाढवायचा तर केबल तीच राहते, फक्त दोन टोकांची मॉड्यूल बदलायची. कनेक्टर आधीच लावलेली केबल मिळते, पण जमिनीखालून केबल न्यायला पाईप घेताना तो कनेक्टर आतून जाईल एवढा जाड बघा, नाहीतर तिथेच अडकतं सगळं. पाईपला काटकोनी एल्बो अजिबात नको, लांब वळणाचे बेंड लावा. आणि केबल ओढताना सोबत एक नायलॉनची दोरी आत सोडून ठेवा, पुढे दुसरी केबल टाकायची झाली तर खोदकाम वाचतं.

चर खणायच्या आधी जमिनीखालून लाईट-पाण्याच्या लाईनी कुठून गेल्यात ते नक्की बघा. खोदणं शक्यच नसेल तर वायरलेस ब्रिज (दोन्ही बिल्डिंगवर समोरासमोर अँटेना लावून हवेतून नेट नेणं) चालतो, पण मधे झाड नको, पावसाळ्यात पानं वाढली की स्पीड पडतो.