डे-न्यूट्रल स्ट्रॉबेरीची लागण कधी करायची: पाचगणी, वाई आणि घाटाखालच्यांसाठी

दरवर्षी हादग्याची गाणी सुरू झाली की मला फोन यायला लागतात, स्ट्रॉबेरी आत्ता लावू का अजून थांबू. आणि त्यातले बरेच जण पुढं म्हणतात की आम्ही यंदा डे-न्यूट्रल जातीची रोपं बुक केलीत, ती कधीही लावली तरी फुलतात म्हणे, मग घाई कशाला. तिथंच सगळी गडबड होते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी हे डे-न्यूट्रल म्हणजे काय ते बघू. स्वीट चार्ली, विंटर डॉन, कॅमारोसा ह्या आपल्या नेहमीच्या जाती लहान दिवसाच्या, म्हणजे दिवस लहान झाला आणि रात्री गार पडायला लागल्या की फुलकळी धरणाऱ्या. सेल्वा, अल्बियन, सॅन अँड्रियास ह्यांना दिवस केवढा आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. हा गुण कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात रॉईस ब्रिंगहर्स्ट यांनी युटाच्या डोंगरातल्या रानटी स्ट्रॉबेरीतून आणला, आणि १९७९ ला त्यातल्या पहिल्या जाती बाहेर पडल्या. तिकडं उन्हाळ्यात दिवस साडेचौदा तासांच्याही वर जातो, त्यामुळं त्यांना त्याचा मोठा उपयोग. आपल्याकडं मात्र २१ जूनलासुद्धा दिवस सव्वातेरा तासांच्या पुढं जात नाही आणि डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. म्हणजे दिवसाच्या लांबीची अडचण आपल्याला मुळातच कमी, आपल्याकडं सगळं अवलंबून आहे ते पाऊस कधी थांबतो आणि उन्हाचा चटका कधी सुरू होतो ह्यावर. ह्या दोन गोष्टी डे-न्यूट्रल जातीलाही चुकत नाहीत, दुपारी पारा तीसच्या वर राहायला लागला की तीही फुलायची थांबते.

दुसरं म्हणजे, ही रोपं अंगानं लहान असली तरी फुलतात. लागण उशिरा झाली, मूळ नीट धरलं नाही, रोप आजारी पडलं तरी ते थांबत नाही, चार पानांवरसुद्धा फूल काढतं आणि बोराएवढं फळ देतं. त्यामुळं सुरुवातीचे जे तीस-चाळीस दिवस आहेत ते वाया गेले की गेलेच, नंतर कितीही खत सोडा.

मग तारीख कशी काढायची? मी उलटं मोजतो. समजा नाताळच्या सुट्टीतल्या पर्यटकांसाठी २० डिसेंबरला माल हातात पाहिजे. फुलापासून लाल फळ व्हायला साधारण महिना, म्हणजे २० नोव्हेंबरला जी फुलं राखायची ती झाडावर पाहिजेत. त्याच्या आधी रोपाला अंग धरायला पाच-सहा आठवडे तरी द्यायचे. म्हणजे १० ऑक्टोबरच्या आसपास रोप रानात बसलेलं पाहिजे. पाचगणी, भिलार, गुरेघर ह्या पट्ट्यात २५ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर हा माझा काळ, आणि त्यातही मी पहिल्यापेक्षा दुसरा आठवडा पसंत करतो.

का, तर हत्तीचा पाऊस. उत्तरा नक्षत्र संपून २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त लागतो, आणि तो पडला तर ढगफुटीसारखा पडतो. चार वर्षांपूर्वी मला नर्सरीतून रोपं लवकर मिळाली म्हणून मी १६ सप्टेंबरलाच लावून टाकली, जमीन ओली होती पण वरून ऊन छान होतं. नंतर सलग पाच दिवस पाऊस. आठवड्याभरात मधली पानं दुपारी माना टाकायला लागली, मला वाटलं पाणी कमी पडतंय, ड्रिप वाढवलं. शेवटी एक रोप उपटून ब्लेडनं उभं कापलं. चांगल्या रोपाचा बुडखा, म्हणजे पानं आणि मुळं जिथं जुळतात तो जाड भाग, आतून पांढराशुभ्र असतो, काकडीच्या गरासारखा, आणि माझ्या रोपात विटकरी रंगाचे पट्टे वरून खाली गेलेले. ती बुडखाकूज. जवळजवळ निम्मी रोपं गेली, आणि पुन्हा आणायला गेलो तर तोवर चांगली रोपं संपलेली. तेव्हापासून मी रोपं आणली की त्यातली दोन-तीन उभी कापून बघतोच, चार रुपये जातात पण पूर्ण वाफा वाचतो. तुम्हीही बघा.

म्हणून तारखेपेक्षा वाफसा बघा, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी झाली का ते. गादीवाफ्यातली वीतभर खालची माती मुठीत घ्यायची, दाबायची आणि मूठ उघडून अंगठ्यानं ढकलायची. गोळा भुगा होऊन पडला तर लागण करा, अंगठ्याचा ठसा उमटून तसाच राहिला तर अजून दोन दिवस थांबा. पाऊस थांबला म्हणून त्याच संध्याकाळी लावायला जाऊ नका. वाफे मात्र उघडीप मिळेल तेव्हा आधीच करून ठेवायचे, फूटभर उंच, कारण आपल्या लाल मातीत पाणी निचरलं तरी बुडाशी ओल राहते.

वाईकरांनी आमच्या तारखा घेऊ नयेत. पसरणी घाट चढून पाचगणीला आलं की जवळजवळ सहाशे मीटर उंची वाढते, आमच्याकडं ऑक्टोबरात रात्री स्वेटर लागतो तेव्हा तुमच्याकडं पंखा चालू असतो. ऑक्टोबर हीटमध्ये लावलेलं रोप करपतं, नाहीतर नुसते धागे, म्हणजे टोकाला नवं रोप धरणारे लांब फुटवे, सोडत बसतं. तुम्ही चित्रा नक्षत्र जाऊ द्या, ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचे पहिले चार-पाच दिवस धरा. एक साधा थर्मामीटर घराबाहेरच्या ओट्यावर टांगून ठेवा, पहाटे सलग चार-पाच दिवस अठराच्या खाली दिसलं की समजा वेळ आली. सातारा शहरात गच्चीवर कुंडीत लावणाऱ्यांनाही हेच लागू, फक्त कुंडी दहा इंचाची घ्या आणि दुपारी दोननंतरचं ऊन टाळा.

लागण चारनंतर करायची. रोप लावताना मूळ सरळ खाली सोडायचं, दुमडायचं नाही, आणि बुडखा बरोबर मातीच्या पातळीवर ठेवायचा. बुडखा गाडला तर कुजतो, वर राहिला तर मुळं सुकतात. गडी माणसं घाईत हमखास खोल दाबतात, त्यामुळं मी मागून प्रत्येक ओळ बघत जातो. दोन रोपांत फूटभर अंतर. पहिले आठ दिवस दुपारी पानावर हलकं पाणी मारा. मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यावर अंथरायचा प्लास्टिकचा कागद, आम्ही तीन-चार आठवड्यांनी टाकतो, आधी टाकला तर ऑक्टोबरच्या उन्हात त्याच्या वाफेनं कोवळी पानं भाजतात.

आता सगळ्यात अवघड काम, पहिली फुलं खुडायची. डे-न्यूट्रल रोप तिसऱ्या आठवड्यातच फूल दाखवतं आणि बघून मन खूश होतं, पण खुडा. लागणीनंतर महिनाभर येणारी सगळी फुलं आणि सगळे धागे काढून टाका. आमच्या घरात आईला हे अजून पटत नाही, ती म्हणते आलेलं लेकरू कशाला मारायचं. मी दोन ओळी न खुडता ठेवून दाखवल्या, जानेवारीत त्या झाडांची पानं बाकीच्यांच्या निम्मीच होती.

डिसेंबर-जानेवारीत वेण्णा लेककडच्या बाजूला दवबिंदू गोठतात, तशा सखल रानात लागण असेल तर सकाळी फुलं उघडून बघा. मधलं पिवळं बटण काळं पडलं असेल तर पाकळ्या कितीही ताज्या दिसू देत, त्या फुलाला फळ नाही. थंडीची लाट येणार असली की संध्याकाळी पाणी द्या आणि क्रॉप कव्हर टाका, सकाळी उन्हं आली की ते काढा, नाहीतर मधमाश्या आत जात नाहीत आणि फळ वाकडंतिकडं होतं. फुलोऱ्यात सकाळी फवारणी करू नका, तीही ह्याच कारणानं.

उशीर झालाच तर किती चालतो? घाटावर माझी शेवटची मर्यादा ३१ ऑक्टोबर, घाटाखाली १० नोव्हेंबर. त्याच्यानंतर लावलं तर रोप थंडीत आखडून बसतं, जेमतेम फेब्रुवारीत माल सुरू होतो, मार्चच्या मध्याला चटका लागतो आणि लाल कोळी ही पानांतला रस शोषणारी बारीक कीड चढते, चार-पाच तोड्यांत खेळ संपतो. रोपांचा, पेपरचा, ड्रिपचा खर्च मात्र तेवढाच. मागच्या वर्षी एका तुकड्याला ५ नोव्हेंबरपर्यंत वाफसाच आला नाही, तर मी रोपांचा अ‍ॅडव्हान्स सोडला आणि तिथं फरसबी टाकली.